निकालपत्राचे गद्य आणि मुलीची साक्ष

साहित्यसमीक्षेत निकालपत्राला जागा नाही. कविता, कथा, आत्मकथन, फार तर वैचारिक निबंध, एवढ्यापाशी आपली समीक्षा थांबते. परंतु आपल्या माणसांच्या आयुष्याचा खराखुरा निकाल ज्या गद्याने लावला ते गद्य कादंबरीचे नव्हे. ते तलाठ्याच्या उताऱ्याचे, पोलिसांच्या पंचनाम्याचे आणि न्यायालयाच्या निकालपत्राचे आहे. हे गद्य कोणी लिहिले, कोणत्या शब्दांत लिहिले, काय गाळले, हे विचारण्याचा अधिकार आपण वकिलांना देऊन टाकला आहे. तो परत घेतला पाहिजे असे मला वाटते.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे वस्तीत कोर्टाचा कागद आला की तो माझ्यापुढे ठेवला जाई. समन्स, जामिनाचा हुकूम, कुणाच्या तरी जबाबाची नक्कल. मी बारा-तेरा वर्षांची होते. ‘सदर इसम’, ‘येणेप्रमाणे’, ‘मजकूर आरोपी’ असे शब्द मी मोठ्याने वाचून दाखवी आणि सगळे माना डोलवीत. एकदा रोवणीवरून आलेली आई चिखलाच्या पायांनी ओट्यावर बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “पण यात ती बाई काय म्हणाली ते कुठं लिहिलंय?” मी कागद पुन्हा वाचला. लिहिलेले होते, पण बाईचे नव्हते. पुढे एम.ए. झाले, सेट झाले, एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवू लागले, परंतु समीक्षेचा याहून नेमका प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटलेला नाही. तोच प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे अपिलाची निकालपत्रे वाचते आहे. विशेषतः अशी, की ज्यांत लहान मुलीवरील अत्याचाराबद्दल खाली झालेली शिक्षा वरच्या न्यायालयाने तपासली आहे.

अपील म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. सत्र न्यायाधीशासमोर मुलगी उभी राहते. ती अडखळते, रडते, गप्प होते, हे तो पाहतो. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याविषयी शेरा लिहिण्याची मुभा कायद्याने त्याला दिली आहे. अपिलात मुलगी नसते. तिथे कागदांचा गठ्ठा असतो. मुलगी आपल्या बोलीत, म्हणजे गोंडीत, झाडीबोलीत किंवा वऱ्हाडीत जे बोलली ते कोर्टाच्या मराठीत उतरते आणि वरच्या न्यायालयासाठी इंग्रजी होते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. त्या इंग्रजीवरून न्यायमूर्ती ठरवितात की मुलगी खरे बोलली की खोटे. म्हणजे अपील हे निव्वळ वाचन आहे. आणि जिथे वाचन आहे तिथे वाचणाऱ्याची जात, वर्ग, लिंग, संस्कार हे सारे हजर असते. कवितेच्या बाबतीत ही गोष्ट आपण पन्नास वर्षे सांगत आलो. निकालपत्राच्या बाबतीत सांगताना मात्र अवमानाच्या भीतीने जीभ चाचरते. निकालावर सभ्य भाषेत टीका करण्यास कायद्याची मनाई नाही, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

देसाईगंजचे प्रकरण सर्वांना माहीत आहे, असे आपण म्हणतो. ते माहीत आहे ते त्या मुलीच्या नावाने. मी ते नाव येथे लिहीत नाही. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आरोपी पोलिसाच्या नावाने नोंदला आहे, पण लोकांच्या तोंडी राहिले ते मुलीचे नाव. आरोपींची नावे आज कोणाला आठवतात? पीडितेचे नाव छापू नये, असा कायदा 1983 मध्ये झाला, तो याच प्रकरणानंतरच्या दुरुस्तीत. आणि तिचे नाव मात्र त्याआधीही आणि त्यानंतरही पाठ्यपुस्तकापासून पोस्टरपर्यंत फिरत राहिले. चळवळीने ते आदराने घेतले हे मला मान्य आहे. तरीही ज्या बाईला कोणी विचारले नाही तिचे नाव आपण घोषणेसाठी वापरले, ही गोष्ट आपण स्वतःला सांगितली पाहिजे.

घटना 26 मार्च 1972 ची. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, भावाजवळ राहणारी, मजुरी करणारी. भावानेच पोलिसांत तक्रार दिली की बहिणीला एका तरुणाने पळवून नेले आहे. त्यासाठी सगळ्यांना रात्री ठाण्यावर बोलाविले. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितले, मुलीला थांबविले. पुढे जे झाले त्याबद्दल एका कॉन्स्टेबलवर बलात्काराचा आणि हेड कॉन्स्टेबलवर अंगचटीला जाण्याचा आरोप झाला. ठाण्याबाहेर लोक जमले म्हणून तक्रार तरी नोंदली गेली. 1 जून 1974 रोजी सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. 12 ऑक्टोबर 1976 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी पुन्हा दोघांना सोडले.

पुरावा एकच, वाचने तीन! सत्र न्यायाधीशाच्या लेखी मुलगी धक्कादायक खोटारडी होती आणि तिला शरीरसंबंधाची ‘सवय’ होती. ही ‘सवय’ कशावरून? डॉक्टरच्या दोन बोटांवरून. (ही चाचणी करणे म्हणजेच गैरवर्तन होय, हे सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 रोजी सांगितले. पन्नास वर्षे लागली.) नागपूर खंडपीठाने तीच साक्ष वाचली आणि एक साधा फरक पाहिला. भीतीने किंवा धाकाने शरीर गळून पडणे वेगळे आणि इच्छा असणे वेगळे. पोलीस अनोळखी, ठाणे त्यांचे, वेळ रात्रीची, तक्रार तिच्याच घरच्यांची. तिने स्वतःहून त्यांच्याकडे जावे असे काहीही घडलेले नव्हते. मला हे वाचन म्हणूनही श्रेष्ठ वाटते, कारण त्यात माणसे कुठे उभी आहेत हे दिसते. कोण खुर्चीत आणि कोण जमिनीवर, याचे भान त्यात आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या वाचनात ठाणे नाहीसे होते. तिथे उरतात दोन शरीरे आणि एक प्रश्न: अंगावर खुणा आहेत काय? खुणा नाहीत. म्हणजे तिने जोराचा प्रतिकार केला हे खोटे, ओरडली हे खोटे, आणि जे घडले ते शांततेत पार पडले. भीतीचा मुद्दा आला तेव्हा कायद्याच्या कलमात म्हटलेली भीती ही जिवाची किंवा इजेची भीती असली पाहिजे, आणि तशी भीती घातल्याचे सिद्ध नाही, असे सांगितले गेले. खाकी गणवेशाची भीती ही कलमात बसणारी भीती नव्हती. भूमिहीनाच्या, आदिवासीच्या, दलिताच्या घरात पोलीस या शब्दाला जो अर्थ आहे तो त्या वाचकांच्या शब्दकोशातच नव्हता. आमच्या वस्तीत लहान मूल रडले की बागुलबुवा येईल असे कोणी म्हणत नसे. पोलीस येईल, असे म्हणत. त्या भीतीच्या अंगावर खुणा उमटत नाहीत.

16 सप्टेंबर 1979 रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे निकालपत्राची उत्तम समीक्षाच आहे. शरण जाणे आणि संमती देणे यांत कायद्याने फरक केला पाहिजे, हा त्याचा गाभा. त्यातून मोर्चे निघाले, स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे कलम आले. देसाईगंजच्या निकालात मात्र काही फरक पडला नाही.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधते, जिची चर्चा संमतीच्या गदारोळात बुडून गेली. ती मुलगी मूल होती की नव्हती? डॉक्टरने वय चौदा ते सोळा सांगितले होते. त्या वेळच्या कायद्याने सोळाच्या खालील मुलीची संमती ही संमतीच नव्हती. ती सोळाच्या आत आहे हे सिद्ध झाले असते तर खुणा, ओरडणे, प्रतिकार या सगळ्या प्रश्नांना जागाच उरली नसती. सत्र न्यायालयाने म्हटले, ती सोळाच्या आत असल्याचा समाधानकारक पुरावा नाही. पुरावा कुठून असणार? आई नाही, बाप नाही, शाळा नाही. दाखला नाही म्हणून ती बाई ठरली, आणि मजूर बाई ठरली की ‘सवय’ आपोआप आलीच.

शाळेत गेलेल्यांची स्थिती फार वेगळी आहे असे नाही. माझ्या दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून आहे. माझ्या धाकट्या भावाची 1 जून आहे. माझ्या वर्गात दरवर्षी दहा-पंधरा विद्यार्थी 1 जूनला जन्मलेले निघतात आणि आम्ही सगळे हसतो. हेडमास्तरांनी पोरांची उंची पाहून टाकलेली ही तारीख. बालन्याय कायद्याच्या 94 व्या कलमाप्रमाणे वय ठरविताना पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या प्रमाणपत्राला किंवा मॅट्रिकच्या सनदेला आहे, मग नगरपालिका-पंचायतीच्या नोंदीला, आणि हे काहीच नसेल तर हाडांच्या तपासणीला. हाडे वर्ष-दोन वर्षांच्या फरकानेच बोलतात, आणि त्या फरकाचा फायदा अनेकदा आरोपीकडे जातो. म्हणून मी कार्यकर्त्यांना सांगते, की मोर्चाआधी ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीकडे पाहा. सतरा वर्षांची मुलगी अपिलात एकोणीसची होते ती अशा ठिकाणी.

देसाईगंजचा निकाल वाईट म्हणून चांगले निकाल आपोआप आपले होतात काय? 1983 च्या मे महिन्यातला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल फार वाखाणला जातो. गांधीनगरच्या सचिवालयातील एक कर्मचारी. 1975 मध्ये त्याच्या मुलीला भेटायला आलेल्या, दहा-बारा वर्षांच्या तिच्या मैत्रिणी. त्यांच्यावर त्याने केलेला अत्याचार. न्यायालयाने शिक्षेचा निर्णय कायम ठेवला आणि सांगितले की पीडितेच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याचा टेकू मागणे हा जखमेवर आणखी एक घाव आहे. हे उत्तमच झाले. कितीतरी खटल्यांत या निकालाने मुलींना आधार दिला आहे. परंतु न्यायालयाने विश्वास कशावर ठेवला? भारतीय मुलगी असे खोटे सांगणार नाही, कारण तसे सांगण्याने तिची अब्रू जाते, चांगल्या घरचे स्थळ मिळणार नाही, घरचे लोक खाली मान घालतील. पाश्चात्त्य स्त्री पैशासाठी खोटे बोलू शकेल, आपली नाही.

हा युक्तिवाद सहानुभूतीचा आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. त्यात मुलीवर विश्वास नाही. तिच्या अब्रूवर विश्वास आहे. जिला गमावण्याजोगी अब्रू आहे तिची साक्ष खरी. मग जिला गावाने अब्रू कधी मानलीच नाही तिचे काय? मुरळी, जोगतीण, कोल्हाट्याची पोर, शेतावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात राबणारी मुलगी, यांच्या वाट्याला हा विश्वास येईल काय? पाच वर्षांपूर्वी देसाईगंजच्या मुलीला हाच तराजू लावला होता, फक्त पारडे दुसरीकडे झुकले. त्याच निकालात पुढे शिक्षा कमी केली आहे. कारणे पाहा: आरोपीची नोकरी गेली, समाजात मानहानी झाली, आणि त्याच्या स्वतःच्या मुलीचे लग्न जमणे आता कठीण झाले असेल. म्हणजे पीडित मुलींची बाजू खरी ठरली ती स्थळाच्या चिंतेने, आणि आरोपीला सवलत मिळाली तीही स्थळाच्या चिंतेने! न्यायमूर्तींच्या सद्हेतूबद्दल मला शंका नाही. पण विवाह-बाजारातील किंमत हे न्यायाचे माप असू शकत नाही, आणि आपल्या मासिकांनी हे 1983 मध्येच लिहायला हवे होते.

अब्रूचा सख्खा भाऊ म्हणजे विनय. भारतीय दंडसंहितेच्या 354 व्या कलमाला मराठीत आपण विनयभंग म्हणतो. हा शब्द मला पूर्वीपासून खटकतो. विनय हा शिष्याने गुरूपुढे, खालच्याने वरच्यापुढे दाखवायचा गुण. तो मोडला म्हणून गुन्हा! 1966 मध्ये पंजाबातील एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बळी होते साडेसात महिन्यांचे बाळ. उच्च न्यायालयाला प्रश्न पडला होता की इतक्या लहान जिवाला विनय असतो काय? सरन्यायाधीशांनी आपल्या वेगळ्या मतात म्हटले, नसतो. दोन न्यायमूर्तींनी म्हटले, स्त्रीचा विनय तिच्या लिंगातच आहे आणि तो जन्मापासून असतो. म्हणून आरोपीला शिक्षा झाली. निकाल योग्य लागला, पण त्यासाठी पाळण्यातल्या मुलीला विनयशील करावे लागले. 1860 च्या कायद्यात तिच्या शरीरासाठी दुसरा शब्दच नव्हता. मुलीला दुखावले, एवढे पुरेसे नव्हते. कोणत्या तरी मूल्याला धक्का लागावा लागत होता.

2012 चा पोक्सो कायदा या दृष्टीने मोठी गोष्ट होता. 14 नोव्हेंबर 2012 पासून तो लागू झाला. त्यात अठराच्या खालील मूल, मग ते मुलगी असो की मुलगा, हे स्वतःच्या शरीराचे धनी आहे. विनय नाही, अब्रू नाही, सवयीचा प्रश्न नाही. सातव्या कलमात लैंगिक हेतूने केलेला स्पर्श हा गुन्हा, आठव्यात त्याला किमान तीन वर्षे शिक्षा.

त्याच नागपूर खंडपीठापुढे, ज्याने 1976 मध्ये भीती आणि संमती यांतला फरक ओळखला होता, 2021 च्या जानेवारीत दोन अपिले आली. एकात नागपूरची बारा वर्षांची मुलगी. 14 डिसेंबर 2016 रोजी पेरू देतो म्हणून तिला घरात नेले, छातीवर हात टाकला, कपडे काढण्याचा प्रयत्न केला. आई शोधत आली म्हणून ती सुटली. खालच्या न्यायालयाने पोक्सोखाली तीन वर्षे दिली. 19 जानेवारी 2021 रोजी उच्च न्यायालयाने ती शिक्षा काढली. कारण वरचा कपडा काढला होता किंवा हात आत घातला होता, असा पुरावा नाही. त्वचेला त्वचा लागली नाही. म्हणून हा पोक्सोतला स्पर्श नव्हे, हा फक्त विनयभंग. मुलीला 2012 मधून उचलून पुन्हा 1860 मध्ये नेऊन ठेवले. दुसऱ्या अपिलात, चार दिवसांपूर्वी, गडचिरोलीकडील पाच वर्षांच्या मुलीच्या खटल्यातही पोक्सोची मोठी कलमे अशीच गळाली आणि आरोपीने भोगलेली सुमारे पाच महिन्यांची कैद पुरेशी मानली गेली.

स्पर्श हा शब्द निदान आपल्याला कोणी शिकवू नये. या देशात स्पर्शाचे सर्वांत तपशीलवार शास्त्र आपल्या पूर्वजांवर लिहिले गेले. सावली पडली तरी स्पर्श. विहिरीच्या काठावर पाय पडला तरी स्पर्श. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तर तळेच बाटले म्हणून ते शुद्ध करून घेतले! तिथे मधे कापड आहे की नाही, त्वचेला त्वचा लागली की नाही, हे कोणत्या शास्त्र्याने विचारले नव्हते. स्पर्शाची व्याख्या विटाळासाठी आभाळाएवढी होते आणि बारा वर्षांच्या मुलीसाठी सुताच्या एका पदराएवढी उरते. मी हे कोण्या न्यायमूर्तींना जातीयवादी म्हणण्यासाठी लिहीत नाही. मुलीची जात मला ठाऊक नाही आणि ती शोधण्याचे कारण नाही. शब्दाचा अर्थ कोणाच्या सोयीने ताणला आणि आखडला जातो, एवढेच मी दाखविते आहे.

निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती स्त्री होत्या. यावर बाहेर फार चवीने बोलले गेले. स्त्री असूनही, म्हणे. जणू 1978 च्या तीन पुरुषांकडून काही अपेक्षाच नव्हती! मला त्यांचा युक्तिवाद समजून घ्यावासा वाटतो, कारण तो अगदीच पोकळ नाही. त्या म्हणतात, शिक्षा जितकी कडक तितका पुरावा काटेकोर हवा. हे तत्त्व खरे आहे, आणि ते आपल्या पोरांचे संरक्षक आहे. तुरुंगाची सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की कच्च्या कैद्यांत दलित-आदिवासींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येहून जास्त आहे. चूक तत्त्वाची नव्हती. ते जिथे लागूच होत नाही तिथे लावण्याची होती. पुरावा काटेकोर तपासणे वेगळे. इथे आईची आणि मुलीची साक्ष खरीच मानली होती. कमी केला तो पुरावा नव्हे, शब्दाचा अर्थ.

27 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ॲटर्नी जनरल स्वतः उभे राहिले. असे वाचले तर हातमोजे घालून कुणीही मुलाला हात लावील आणि सुटेल, असे ते म्हणाले. 18 नोव्हेंबर 2021 रोजी तीन न्यायमूर्तींनी दोन्ही निकाल रद्द केले आणि पोक्सोखालील शिक्षा पुन्हा उभ्या केल्या. महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, कापड नव्हे. कायद्याचा अर्थ कायदाच मरेल असा लावायचा नसतो, असे त्यांनी म्हटले. तोपर्यंत ती मुलगी सतरा वर्षांची झाली असेल. बारा ते सतरा, म्हणजे सातवीपासून बारावीपर्यंतचे तिचे वय तिच्या अंगावरचे कापड मोजण्यात गेले.

हा विजय म्हणून आपण साजरा केला. माझे समाधान अर्धे आहे. 17 मार्च 2025 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने अकरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पुन्हा तसेच वाचन केले: छातीला हात घालणे, पायजम्याची नाडी तोडणे हा बलात्काराचा प्रयत्न नव्हे, ती फक्त तयारी. तो शिक्षेवरचा निकाल नव्हता, आरोप कोणते लावायचे याचा होता. नऊ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली. पण वर्तमानपत्रात गाजलेले निकाल वर जातात. न गाजलेले जातात काय? वर जायला वकील लागतो, दिल्लीचे तिकीट लागते, आणि दरम्यान त्याच गावात राहावे लागते जिथे आरोपीचे शेत आहे, ज्याच्या बांधावर आई निंदायला जाते.

आता जी गोष्ट आपल्याच लोकांना रुचणार नाही ती लिहिते. आरोपी नेहमी पाटलाचा मुलगा नसतो. तो आपल्या वस्तीतला असतो, चुलता असतो, मास्तर असतो, कधी कार्यकर्ता असतो. कर्नाटकातील सात-आठ वर्षांच्या मुलीच्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा चारवर आणली, कारण आरोपी अडाणी, दुर्बल घटकातला, दारूचे व्यसन असलेला, म्हातारी आई आणि बायकामुले असलेला. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षे पुन्हा लावली आणि म्हटले की आरोपीची किंवा पीडितेची जात, धर्म, आर्थिक स्थिती यांचा शिक्षेशी संबंध नाही. आपल्यापैकी काहींना पहिला निकाल दयाळू वाटतो. मला तो अपमान वाटतो. गरीब माणसाकडून एवढेच अपेक्षित, असे त्यात गृहीत धरले आहे. आणि ती सात वर्षांची मुलगीही दुर्बल घटकातलीच असणार, हे कोणाच्या लक्षात आले नाही. दयेचा हिशेब मांडताना आरोपीची आई मोजली, मुलीची आई मोजली नाही.

याच्या उलट बाजूही आहे. सतरा वर्षांची सवर्ण मुलगी आमच्या मुलाबरोबर निघून जाते, तिचे घरचे पोक्सोखाली गुन्हा नोंदवितात, आणि पोरगा विशीत तुरुंगात जातो. अशी दोन घरे मला माहीत आहेत. अशा वेळी अपिलाच्या न्यायालयाने मुलीचे म्हणणे ऐकावे अशी माझी इच्छा असते. पण 18 ऑक्टोबर 2023 रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या खटल्यात शिक्षा रद्द करताना किशोरवयीन मुलींना वासनेवर ताबा ठेवण्याचा उपदेश केला, तेव्हा ऐकणे बाजूला राहिले आणि कीर्तन सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑगस्ट 2024 रोजी दोषसिद्धी पुन्हा कायम केली. 23 मे 2025 रोजी मात्र आपला विशेषाधिकार वापरून आरोपीला आणखी शिक्षा दिली नाही, कारण तोवर ती त्याच्याबरोबर संसार करीत होती आणि तिला विचारल्यावर कळले की गुन्ह्याहून जास्त त्रास तिला पोलिसांनी, कोर्टाने आणि घरच्यांनी दिला. या निकालाविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. चौदाव्या वर्षी घर सोडलेल्या मुलीला दुसरी कोणती वाट उरली होती, हे विचारल्याशिवाय तिच्या आजच्या इच्छेला इच्छा म्हणायला मन धजत नाही. तरी एक गोष्ट त्यात घडली: तिला विचारले गेले.

पोक्सोच्या सव्विसाव्या कलमात लिहिले आहे की मुलाचा जबाब ते जसे बोलले तसा नोंदवावा. लागल्यास दुभाष्या घ्यावा. माझ्या आईच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते वाचून मला पहिल्यांदा आनंद झाला होता. गेल्या वर्षी एका कार्यकर्त्याने काही जबाबांच्या नकला, नावे पुसून, माझ्याकडे भाषा पाहण्यासाठी आणल्या. पाच मुली, वयाने सहा ते पंधरा. तीन गावे. पाचही जबाबांत एकच वाक्य: ‘त्याने माझ्यासोबत अश्लील कृत्य केले.’ एकाही अक्षराचा फरक नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या आईला आम्ही विचारले, की ही घरी काय म्हणाली होती? आईने सांगितले. ते साधे, तिच्या बोलीतले, चार शब्दांचे वाक्य होते, आणि ऐकणाऱ्याला शंका राहू नये इतके स्पष्ट होते. कागदावर ते कुठेच नाही. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने मुलीला ‘अश्लील’ या शब्दाचा अर्थ विचारला. तिला तो सांगता आला नाही, आणि तशी नोंद साक्षीत झाली. खालच्या न्यायालयाने तरीही तिच्यावर विश्वास ठेवून शिक्षा दिली. आरोपीचे अपील दाखल झाले आहे. अजून सुनावणीला लागलेले नाही.